आधी त्यांना जाऊ तर द्या

११ नोव्हेंबर २०२५ला सकाळी सकाळी धर्मेंद्र 'गेले'. चॅनेलांनी बातमी चालवली, भल्याभल्यांनी शोकसंदेश लिहिले, आपल्या फेसबुकवर तर 'वीरू'च्या फोटोंची रांग लागली. थोड्याच वेळात ईशा देओलनं कळवलं की बाबा आहेत, सुधारतायत. हेमामालिनींनी तर माध्यमांना चांगलंच खडसावलं. मग सगळ्यांनी गुपचूप पोस्टी उडवल्या. माफी वगैरे मागण्याच्या भानगडीत फारसं कुणी पडलं नाही. प्रत्यक्षात धर्मेंद्र गेले २४ नोव्हेंबरला, नव्वदी पूर्ण व्हायला दोन आठवडे असताना.

हे पहिल्यांदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण २०२२च्या नोव्हेंबरात विक्रम गोखल्यांचं हेच केलं. ते पुण्यात रुग्णालयात होते, अवस्था नाजूक होती, आणि इकडे त्यांना वाजतगाजत निरोप देऊन झाला. घरच्यांना सांगावं लागलं की ते अजून आहेत. दोन-तीन दिवसांनी, २६ तारखेला, ते खरोखर गेले. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीर हुसेन यांची बातमी आधी आली, मग 'नाही, आहेत, प्रार्थना करा' असं आलं, आणि दुसऱ्या दिवशी कुटुंबानंच ते गेल्याचं कळवलं. बापाच्या उशाशी बसलेल्या मुलांनी फोन उचलून 'नाही हो, जिवंत आहेत' असं किती जणांना सांगायचं?

यात चॅनेलांना शिव्या घालणं सोपं आहे, आणि त्यांना त्या द्याव्यातच. मोठ्या माणसांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवलेले असतात. तो जुना रिवाज आहे, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते एकानं चालवलं म्हणून दुसऱ्यानं चालवणं. 'सूत्रां'ना एक फोन करायचेही कष्ट नकोत. पण ती बातमी आपल्या भिंतीवर डकवतो कोण? आपणच. आणि का, तर ग्रुपवर दुसऱ्या कुणी आधी टाकायला नको म्हणून. श्रद्धांजलीत कसला आलाय पहिला नंबर!

धर्मेंद्र आजारी असतानाच त्यांच्या खाटेभोवती रडणाऱ्या कुटुंबाचा चोरून काढलेला व्हिडिओ फिरला. तो मलाही दोन ग्रुपांवर आला, पाठवणारी माणसं चांगली, सुशिक्षित, आणि सोबत हात जोडलेल्या इमोजी. पुढे अंत्यसंस्कार घाईघाईत, फारसा गाजावाजा न करता उरकले, तेव्हा हेच लोक रुसले, 'चाहत्यांना अंत्यदर्शन घेऊ दिलं नाही' म्हणून. आधी काय काय केलंत ते आठवा की जरा.

असरानींनी हे आधीच ओळखलं असावं. २० ऑक्टोबर २०२५ला, ऐन दिवाळीत ते गेले. सांताक्रूझला मोजक्या माणसांत अंत्यविधी झाला आणि मगच बातमी बाहेर आली, कारण गाजावाजा नको ही त्यांचीच इच्छा होती. मला हे फार आवडलं. आयुष्यभर लोकांसमोर उभं राहिलेल्या माणसाला शेवटचा प्रवेश पडदा पाडून करायचा असेल तर तो त्याचा हक्क आहे.

आता दुसरी गोष्ट, जी मला घाईपेक्षाही जास्त खटकते. माणूस गेला की त्याचं एक वाक्य उरतं. असरानी म्हणजे 'शोले'तले 'अंग्रेजों के जमाने के जेलर'. संपलं. हिटलरचे फोटो बघून ती ऐट बसवली आणि त्याच्या भाषणातल्या आवाजाचे चढउतार उचलले, हे त्यांनीच मुलाखतींत सांगितलंय. म्हणजे त्या दोन मिनिटांच्या विनोदामागे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घडलेला, पुढे तिथंच शिकवणारा नट होता. 'कोशिश'मधला त्यांचा नालायक भाऊ पाहा. जेलरवर हसलेला माणूस त्या भावाला बघून दात-ओठ खाईल. त्याबद्दल चार ओळी लिहिणारं कुणी दिसलं नाही.

२०२५चा ऑगस्ट तर आपल्या मराठी माणसांना फारच जड गेला. १६ला ज्योती चांदेकर, १८ला अच्युत पोतदार, २८ला बाळ कर्वे, ३१ला प्रिया मराठे. पंधरवड्यात चार! आणि चौघांच्याही बातम्यांचा साचा एकच. 'ठरलं तर मग'मधल्या पूर्णा आजी गेल्या. 'कहना क्या चाहते हो' गेले. 'चिमणराव'मधले गुंड्याभाऊ गेले. अहो, 'थ्री इडियट्स'मधल्या त्या प्राध्यापकाच्या दोन क्षणांच्या वैतागामागचा माणूस, अच्युत पोतदार, सैन्यात कॅप्टन होता, मग त्यानं इंडियन ऑइलमध्ये नोकरी केली, चाळिशी उलटल्यावर तो सिनेमात आला आणि शंभरावर चित्रपट करून गेला. त्यातल्या निम्म्या भूमिकांत आपण त्यांना पाहिलंय आणि नाव माहीत नव्हतं. बाळ कर्व्यांनी तीनच दिवसांपूर्वी पंचाण्णव पूर्ण केली होती. त्या वाढदिवसाला ज्यांना त्यांची आठवण झाली नाही (त्यात मीही आलो), ते २८ला एकदम हळवे झाले.

प्रिया मराठे अवघी अडतीस वर्षांची होती. आजाराचा तिनं बोभाटा केला नाही. ती गेल्यावर लोक तिच्या जुन्या फोटोंखाली जाऊन 'इथे डोळ्यांत दुःख दिसतंय' असं लिहीत होते. नसेलही. कदाचित त्या दिवशी ती खरंच मजेत असेल, कशाला तिचा तो दिवस हिरावून घेता? अतुल परचुरेंनी उलट केलं. कॅन्सरबद्दल, उपचारांबद्दल ते मोकळेपणानं बोलले, आणि १४ ऑक्टोबर २०२४ला गेले. दोघांचंही बरोबर. सांगायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

राहता राहिले सतीश शहा, माझे विशेष लाडके. असरानींनंतर पाचच दिवसांनी, २५ ऑक्टोबरला गेले. त्यांची सगळ्यात गाजलेली भूमिका प्रेताची आहे, हा विनोद त्या दिवशी काहींनी केला आणि काहींना राग आला. मला नाही आला. 'जाने भी दो यारो'मध्ये मेलेला डिमेलो नीट बघा. त्याला द्रौपदी करून रंगमंचावर उभं करतात, साडी नेसलेलं ते भलंमोठं धूड कधी याच्या अंगावर, कधी त्याच्या अंगावर कलंडतं, मान लुळी, चेहऱ्यावर मख्ख शांतता. भोवती सगळे किंचाळतायत आणि हसू मात्र त्या न बोलणाऱ्याच्या पडण्यावर येतंय. डोळे नाहीत, आवाज नाही, हातवारे नाहीत. नटाच्या हातातलं सगळं काढून घेतल्यावर उरतं ते टायमिंग, आणि तेवढ्यावर या माणसानं अख्खा शेवट खाल्ला. 'ये जो है जिंदगी'त तर भागागणिक नवं पात्र. आणि आपल्यासाठी 'गंमत जंमत'मधले इन्स्पेक्टर फुटाणे!

यांच्यावर लिहायला आठवडा उशीर झाला तरी काही बिघडत नाही. महिन्यानं लिहा. वर्षानं लिहा. फक्त तुमचं लिहा.

तेव्हा कमेंटमध्ये कृपया फुलं आणि पणत्या नकोत. यातल्या कुणाचाही एक सीन सांगा, जेलर आणि डिमेलो सोडून. नाटक पाहिलं असेल तर फारच छान. बाळ कर्व्यांना रंगमंचावर पाहिलेलं कुणी असेल तर दोन नाही, दहा ओळी लिहा, मी वाचतोय.