ओळखी वाढवा, पण ओळखीच्यांपासून लांब राहा

बी.ई. झालात, अभिनंदन! व्हीटीयूचा, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा कारभार आपल्याच बेळगावातून चालतो, तेव्हा दरवर्षी तुमच्यासारखे किती बाहेर पडतात हे वेगळं सांगायला नको. वेळ न दवडता लिंक्डइनवर, म्हणजे नोकरी-धंद्याच्या ओळखी जुळवायच्या साइटवर या. २००३ पासून चालू आहे, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलंय, म्हणजे वस्ती मोठ्या लोकांची. तिथं गावचं काही न्यायचं नाही.

नावाखालच्या ओळीपासून सुरुवात करा. 'मेकॅनिकल इंजिनिअर, कास्टिंगमधल्या दोषांवर काम' असं लिहिलंत तर तुम्ही कोण हे वाचणाऱ्याला लगेच कळेल. कळता कामा नये. 'पॅशनेट लर्नर, ड्रीमर, फ्यूचर लीडर' बरं दिसतं.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात तुम्ही प्रोजेक्ट केलात. व्हॉल्व्हच्या बॉडीत ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे होणारी पोकळ भोकं का पडतात ते शोधत बसलात, रोज सकाळी वाळूतला ओलावा मोजलात, वहीत लिहिलात, आणि ओलावा आटोक्यात आल्यावर भंगारात जाणारे नग कमी झाले. यातलं अक्षरही टाकू नका. काळे हात फोटोत चांगले दिसत नाहीत. एका दुपारच्या वेबिनारचं सर्टिफिकेट असेलच की! ते लावा, वर 'थ्रिल्ड टू अनाउन्स'.

भाषांच्या रकान्यात फक्त इंग्रजी. घरात मराठी, कामगारांशी कन्नड, बाहेरच्या ट्रकवाल्याशी हिंदी हे खडेबाजारात भाजीवालीलाही जमतं, त्यात सांगण्यासारखं काय? पुण्याचा माल हुबळीला विकणाऱ्या कंपनीला असा माणूस हवा असेल, तर ती शोधेल स्वतःच.

आता ओळखी. थेट सीईओंना गाठा, रोज पन्नास. मजकूर एकच: 'रिस्पेक्टेड सर, काइंडली डू द नीडफुल.' समोर मॅडम असल्या तरी बदलू नका, सातत्य दिसतं.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या नोकरदारांना विचारून १९७३ मध्ये मांडलं होतं, की ओळखीतून नोकरी लागलेल्या बहुतेकांची त्या ओळखीच्या माणसाशी गाठ अधूनमधून किंवा क्वचितच पडायची. आपल्या हिशोबात असा ओळखीचा माणूस म्हणजे आत्याच्या दिराचा मुलगा. लग्नकार्यात दिसतो, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात तिथं क्वालिटीला आहे. किंवा कॉलेजातला दोन वर्षं पुढचा टिळकवाडीचा सीनियर, जो आता चाकणला असतो. 'दादा, तुमचं रोजचं काम काय असतंय? पंधरा मिनिटं बोलूया काय?' एवढं विचारलं तर तो बहुधा बोलेल. म्हणूनच विचारू नका. उद्या त्याच्या आईने तुमच्या आईला बाजारात विचारलं, 'पोरगा अजून घरीच हाय काय गं?' तर? सीईओ निदान तुमच्या आईला ओळखत नाहीत. (हे कारण मला खरंच पटतं. नोकरी नसल्याचं गावाला कळू नये म्हणून आपली माणसं किती खटपट करतात!)

लॅपटॉपसाठी आधी डिपॉझिट मागणारा एचआर भेटला तर मात्र शंका घेऊ नका. मुलाखतही न घेता नोकरी देणारा माणूस, त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा? अण्णांचं एटीएम कार्ड कुठं असतं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आणि एवढं करूनही चुकून सीनियरचंच उत्तर आलं, 'नंबर पाठव, आमच्या मॅनेजरला देतो', तर पाठवा. फोन उचलू नका. अनोळखी नंबर असतो.