‘नुसत्या अॅक्टिंगवर सिनेमा होतो का?’ : लंचबॉक्सच्या पोस्टवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली होती, पण आधी सिनेमा परत बघावा मग लिहावं असं ठरवलं म्हणून उशीर झाला. काल रात्री आईबरोबर बघितला.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की ‘लंचबॉक्स’मध्ये स्टोरी अशी नाहीच, दोन माणसं जेवतात आणि चिठ्ठ्या लिहितात, डबेवाल्यांकडून असा डबा रोज चुकूच शकत नाही, लग्न झालेल्या बाईने परक्या माणसाशी हे असं करणं गोडगोड करून दाखवलंय, शेवट अर्धवट सोडलाय, आणि मी मूळ पोस्टमध्ये इरफान खानचं नाव पुढे करून हे सगळं माफ करून टाकलं. सिनेमा न बघितलेल्यांसाठी एवढंच, की इलाने (निम्रत कौर) नवऱ्यासाठी पाठवलेला डबा चुकून साजन (इरफान) या अनोळखी क्लार्ककडे जातो, आणि त्या डब्यातून दोघांच्या चिठ्ठ्या सुरू होतात.

डबेवाल्यांचं आधी घेते. तुमच्या वडिलांचा डबा इतक्या वर्षांत एकदाही चुकला नाही हे तुम्ही लिहिलंय आणि मला ते शंभर टक्के पटतं. पण सिनेमालाही ते माहितीय हो! इला तक्रार करते तेव्हा डबेवाला ऐकूनच घेत नाही, हार्वर्डवाले येऊन आमचं काम बघून गेलेत म्हणतो. दिग्दर्शक रितेश बत्रा तर आधी डबेवाल्यांवर डॉक्युमेंटरी करायला निघाले होते, त्यातून ही गोष्ट सुचली. तेव्हा अज्ञानातून झालेलं नाही ते, एवढी एक गोष्ट मानून चला असं ते सांगतात आणि मी मानली.

आता मुख्य मुद्दा, स्टोरी कुठाय. बघा, या दोघांचं अख्ख्या सिनेमात समोरासमोर एक वाक्य नाही. म्हणजे इरफानला समोर कोण आहे, तर डबा. पहिल्या दिवशी तो कँटीनमध्ये बसतो, वास घेतो, जरा थांबतो, कारण रोजचा खानावळीचा डबा असा नसतो हे त्याच्या नाकाला आधी कळलंय आणि डोक्याला नंतर कळतंय, आणि हे सगळं एक शब्द न बोलता. मग तो डबा चाटूनपुसून रिकामा घरी येतो आणि निम्रत कौर झाकण उघडून बघते तेव्हा तिचा चेहरा असा काही उजळतो की विचारू नका, कारण तिला वाटतंय नवऱ्याने खाल्लं. रात्री नवरा म्हणतो आलू-गोबी छान होती. तिने आलू-गोबी केलेलीच नाहीये! तेवढ्या एका क्षणात तिला डबा चुकल्याचं कळतं, नवऱ्याला आपल्या हातची चवसुद्धा ओळखू येत नाही हेही कळतं, आणि ती गप्प बसते. मला हीच स्टोरी वाटते. ती संवादात नाहीये, या दोघांच्या चेहऱ्यावर आहे, म्हणून मी अभिनयाबद्दलच लिहीत बसले.

आणि निम्रतचं काम तर इरफानपेक्षा अवघड आहे असं काल परत बघताना वाटलं. बिचारी त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात एकटी, बोलायला वरच्या मजल्यावरचा नुसता आवाज. त्या देशपांडेबाई आपल्याला एकदाही दिसत नाहीत, खिडकीतून खाली येणारी टोपली तेवढी दिसते. तरी भारती आचरेकरांच्या आवाजावरून मला ती बाई कुठल्या साडीत उभी असेल ते सांगता येईल. मूळ पोस्टमध्ये मी त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिली होती, ती चूक झाली.

इरफानबद्दल एकच सांगते. सिनेमा २०१३ चा, तेव्हा त्याचं वय ४६, आणि भूमिका रिटायरमेंटला टेकलेल्या क्लार्कची. ती हॉटेलातली भेट आठवा. इला टेबलाशी बसून वाट बघतेय, साजन येतो पण लांबूनच बघून परत जातो, आणि मग चिठ्ठीत लिहितो की सकाळी बाथरूममध्ये आजोबांच्या अंघोळीनंतर यायचा तसाच वास आला, आणि तो वास माझाच होता. मी कधी म्हातारा झालो ते कळलंच नाही. हे तो किती साध्या आवाजात वाचतो! गहिवर नाही, पॉज नाही, ऑफिसचा कागद वाचल्यासारखं. त्या जागी रडवेला आवाज काढला असता तर मी तुमच्याच बाजूने लिहिलं असतं.

राहिला परक्या पुरुषाचा मुद्दा. तुम्ही इलाच्या आईचा तो सीन विसरलात का? लिलेट दुबे. नवरा नुकताच गेलाय, घरात माणसं जमलीत, आणि ती लेकीला म्हणते मला खूप भूक लागलीय. वर्षानुवर्षं त्याचा नाश्ता, त्याची औषधं, त्याची अंघोळ, हा गेल्यावर माझं काय होईल ही भीती, आणि आता नुसती भूक. काल तिथे माझी आई एकदम म्हणाली, "थांबव जरा." उठून आत गेली, पाणी पिऊन आली, काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. माझ्या बाबांचं शेवटचं दीड वर्ष तिने एकटीने काढलंय. इला त्या खोलीत आईकडे बघतेय म्हणजे स्वतःची पुढची तीस वर्षं बघतेय, आणि त्यानंतर ती जे ठरवते त्याला तुम्ही नुसतं ‘लफडं’ म्हणता ते मला मनापासून लागलं. चिठ्ठ्या आणि ती न झालेली भेट, यापलीकडे त्या बाईने काय केलंय सांगा ना.

एक मान्य करते, नवऱ्याचं पात्र फार पातळ आहे. तो घरी येतो, मोबाईल बघतो, टीव्ही बघतो, झालं. त्याच्या शर्टाला दुसऱ्या बाईचा वास येतो एवढ्यावर त्याचा निकाल लावून टाकलाय, त्यालाही एखादा खरा सीन मिळायला हवा होता. तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत हा मुद्दा ओझरता आलाय, पण माझ्या मते तोच सगळ्यात भक्कम आहे.

आणि शेवट. साजन नाशिकला जायला निघतो आणि परत येतो, तिचं घर शोधायला डबेवाल्यांबरोबर लोकलमध्ये बसतो, ते टाळ्या वाजवत माउलींचं भजन म्हणतायत. इकडे इला घरी मुलीची वाट बघतेय. तो पोचला की नाही ते दाखवलं नाही म्हणून तुम्हाला राग आला. आईला मी विचारलं, पोचला असेल का गं? तर ती म्हणाली, "डबा पोचतो ना रोज तिच्या घरी? मग त्यांना पत्ता माहितीच असणार की."