गॅरेज मालकांचं उत्तर : पसरणी घाटात बंद पडलेली मारुती 800

नमस्कार दादा, तुमचा एक स्टारवाला रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की 98 ची मारुती 800 चढाला झटके देऊन बंद पडते म्हणून आमच्याकडे टाकली, आम्ही चार दिवस ठेवून घेतली, 2,640 चं बिल लावलं, स्कॅनर सुद्धा जोडला नाही, गाडीत एसी नसताना एसी पंपाचं लेबर लावलं, आणि एवढं करून पसरणी घाटात गाडी परत बंद पडली, मग वाईच्या मिस्त्रीने अर्ध्या तासात 300 रुपयात चालू करून दिली. मे महिन्याच्या उन्हात बायकापोरांना घेऊन घाटात थांबायला लागलं ह्याचं खरंच वाईट वाटलं. पण बाकी जे लिहिलंय ते वाचून उद्या दुसरा कुणी जुनी गाडीवाला भलतंच समजून बसेल म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

स्कॅनरचं आधी. स्कॅनर जोडायला गाडीत कॉम्प्युटर लागतो, तुमची गाडी कार्बोरेटरवाली आहे, तिच्यात ना ईसीएम (म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर) ना सेन्सर ना पिन घालायला सॉकेट. आमच्याकडे स्कॅनर आहे, पण तो तुमच्या 800 ला काय सांगणार? इथे कान, नाक आणि पाना एवढंच चालतं. आणि एसी पंप म्हणजे इंजिनला बसवलेला पेट्रोलचा पंप, सगळ्या गॅरेजमध्ये आणि स्पेअरच्या दुकानात त्याला हेच म्हणतात, थंड हवेशी त्याचा काही संबंध नाही. तो बदललेला नाही, बिलात नीट बघा, फक्त चेक केल्याचं लेबर आहे.

आता चार दिवस का लागले. तुमची गाडी सकाळी थंड असताना स्टँडवर तासभर चालू ठेवली तरी एक झटका देत नव्हती, आणि बंद पडल्याशिवाय बिघाड दिसत नाही. म्हणून यवतेश्वरच्या घाटात न्यायला लागायची, तापवायची, बंद पडली की तिथल्या तिथे बॉनेट उघडून बघायचं. पहिल्यांदा बघितला तो करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, कारण तो करंट देणारी कॉइल तापली की सुद्धा गाडी अशीच बंद पडते आणि थंड झाली की चालू होते, त्यात फसून कितीतरी लोक उगाच कार्बोरेटर खोलत बसतात. तुमच्या गाडीला प्लगला करंट चांगला निळा येत होता. मग कार्बोरेटरच्या अंगाला जी छोटी गोल काच असते त्यातून बघितलं, पेट्रोलची लेव्हल मधोमध पाहिजे ती दिसतच नव्हती. म्हणजे करंट आहे पण पेट्रोल वरपर्यंत पोचत नाही. इथपर्यंत कुणीही येईल, खरी डोकेदुखी पुढे, की पोचत नाही ते नक्की कुठे अडकतंय, कारण टाकी मागे, इंजिन पुढे, आणि मधे गाडीच्या पोटाखालून गेलेली लाईन.

पंपावर शंका घेणं सोपं होतं. तो बदलून हजार-बाराशे लावले असते तर तुम्ही कदाचित काही बोलला पण नसता. पण आधी इंजिन ऑईलची कांडी काढून वास घेतला, डायफ्राम म्हणजे पंपातला पडदा फाटला असता तर ऑईलला पेट्रोलचा वास मारला असता, तसं काही नव्हतं. मग टाकीची लाईन काढून टाकली आणि पंपाला सरळ कॅनमधलं पेट्रोल दिलं, रिटर्न, म्हणजे जादा पेट्रोल परत नेणारा पाईप, तो पण कॅनमध्येच, आणि स्टँडवर रेस धरून ठेवली. कितीही तापवा, कितीही रेस द्या, काचेतली लेव्हल हलली नाही. (हे घरी करू नका, गरम इंजिनशेजारी उघडं पेट्रोल असतं, आम्ही आग विझवायचा सिलेंडर घेऊन माणूस उभा करतो.) म्हणजे पंप चांगला, कार्बोरेटर चांगला, जे काय आहे ते पंपाच्या मागे.

मग पंपाच्या मागे, टाकीकडच्या बाजूला पारदर्शक पाईपचा तुकडा टाकला आणि लाईन परत टाकीला जोडली. त्यात बुडबुडे यायला लागले, एकापाठोपाठ एक. टाकीजवळचा रबरी पाईप क्लिपखाली चिरलेला होता. आता तुम्ही म्हणाल पाईप फुटला तर पेट्रोल गळलं असतं ना, आणि गाडीसाठी इथे आलेले तुमच्या घरचे तात्या पण हेच म्हणाले होते. पंपाच्या पुढचा पाईप फुटला तर गळतं. मागच्या पाईपमधून पंप ओढत असतो, त्यामुळे चिरेतून पेट्रोल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते, खाली एक थेंब दिसत नाही. सगळे रबरी पाईप आणि क्लिपा नवीन टाकल्या, फिल्टर बदलला, कार्बोरेटर साफ केला, बुडबुडे बंद. तुमच्या 2,640 मध्ये हे सगळं आहे.

पण फिल्टर काढल्यावर तो उलटा करून पांढऱ्या कागदावर झटकला तेव्हा मिसरीसारखी तपकिरी पूड पडली, आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवला तर ती मागोमाग सरकत होती. म्हणजे रस्त्यावरची धूळ नाही, गंज आहे, आणि एवढा गंज येतो तो बहुतेक टाकीतूनच. हे तात्यांना तिथेच उभं करून दाखवलं, म्हटलं टाकी उतरवून धुवायला पाहिजे, आतली पेट्रोल गाळणारी जाळी बघायला पाहिजे, नाहीतर लांबच्या चढाला परत त्रास देणार. ते म्हणाले आत्ता घरात कार्य आहे, गाडी लगेच पाहिजे, टाकीचं नंतर बघू. ते पण बरोबरच होतं त्यांच्या जागी. जॉबकार्डवर "टाकी साफ करणे बाकी, घाटात नेऊ नये" असं लिहून त्यांची सही घेतली आहे, एक कॉपी तुमच्या बिलाला जोडलेली असेल. तुम्ही पुण्याला असता, तुमच्यापर्यंत हे पोचलं नसेल हे मी समजू शकतो, पण म्हणून "काहीच न सांगता गाडी गळ्यात मारली" असं लिहिणं बरोबर नाही.

आता पसरणीत काय झालं ते वाईच्या मिस्त्रीला न भेटता सांगतो. चार माणसं, सामान, सेकंड गिअर, चढ. इंजिन जास्त पेट्रोल मागतं, पंप जोरात ओढतो, टाकीतला गंज जाळीवर येऊन चिकटतो. गाडी बंद पडते. बंद पडली की ओढ थांबते, गंज सुटून खाली बसतो, दहा-पंधरा मिनिटांनी सेल मारला की गाडी काहीच झालं नाही अशी चालू. तुम्ही स्वतःच लिहिलंय की "थोडा वेळ थांबलं की आपोआप चालू व्हायची", तेच हे. मिस्त्रीने पंपाकडून लाईन सोडून मागे हवा मारली असणार, जाळी मोकळी झाली, गाडी पळाली. त्याचं काम चुकीचं नाही, रस्त्यावर मी पण तेच केलं असतं. पण गंज गेला कुठे? परत टाकीतच. जुन्या पद्मिनी गाड्यांच्या जमान्यात खंबाटकीला तापलेल्या पंपावर ओलं फडकं टाकून लोक घाट चढायचे, घाट पार व्हायचा पण रोग तसाच राहायचा.

तुमच्या रिव्ह्यूखाली कुणीतरी लिहिलंय की हे सगळं 20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे. अर्धं खरं. जुन्या गाड्यांचं रबर त्या पेट्रोलसाठी बनवलेलं नाही, ते फुगतं नाहीतर कडक होऊन चिरतं, तुमच्या पाईपला ते झालं असणार. इथेनॉल पाणी पण ओढून घेतं आणि टाकीत वर्षानुवर्ष बसलेली घाण सोडवतं. पण हल्ली प्रत्येक बिघाडाचं खापर इथेनॉलवर फोडायची फॅशन झालीय राव. तुमच्या टाकीतला गंज काय एका वर्षातला नाही. गाडी आठवड्यातून एकदा बाजाराला निघते, बाकी पावसाळाभर पत्र्याखाली पाव टाकीवर उभी, वरच्या रिकाम्या पत्र्याला आतून दव धरतं आणि तिथूनच गंज चालू होतो. उभीच ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा आणि महिन्यातून दोनदा चांगली लांब फिरवा.

300 आणि 2,640 ची तुलना तुम्ही केली त्यावर मी काही बोलत नाही, बिलातली प्रत्येक वस्तू समोर आहे. काढलेला पाईप आणि फिल्टर पिशवीत गाडीचा नंबर लिहून ठेवलाय, येऊन बघा, तुम्ही गाडीशिवाय आलात तरी चालेल, पाईप बोटाने वाकवला की चीर दिसते.

टाकीचं काम करायचं असेल तर उतरवणं, धुणं, जाळी, नवीन फिल्टर सगळं धरून दीड-दोन हजारात होईल, पत्रा आतून फारच खाल्लेला निघाला तर दुसरी टाकी बघायला लागेल, 800 बनवणं 2014 ला बंद झालं तरी टाकी मिळते. कुणी आतून कोटिंग मारून देतो म्हणालं तर माझा सल्ला नको, गंजावर मारलेलं कोटिंग पुढे सालपटं होऊन परत जाळीतच येतं. आमच्याकडेच करा असा आग्रह नाही, वाईला केलंत तरी हरकत नाही, फक्त आधी टाकी उतरवा आणि मगच महाबळेश्वरला जा. इकडे आणणार असाल तर टाकी फुल करून आणू नका, पाच लिटरच्या आत पेट्रोल असलं की उतरवायला सोपं जातं, आणि सोमवारी आमचं बंद असतं.