काटे-चमच्यांविना मेजवानी

‘मिडीव्हल टाइम्स’ (किल्ल्यासारख्या इमारतीत मध्ययुगीन सरदारांच्या लुटुपुटुच्या लढती बघत जेवायचा अमेरिकेतला कार्यक्रम) म्हणजे निव्वळ पोरखेळ, हे त्यावरच्या लेखातलं मत काही पटलं नाही. न्यू जर्सीत लिंडहर्स्टच्या त्यांच्या किल्ल्यात आम्ही आईबाबांनाही नेलं होतं. तिथे काटे-चमचे देतच नाहीत, सगळं हातानंच खायचं. शेजारची अमेरिकन मंडळी अवघडली, बाबा मात्र खूश! (शाकाहारी जेवणही मिळतं, आधी सांगून ठेवा.) बसायच्या जागेनुसार रंगीत कागदी मुकुट मिळतो, मग त्याच रंगाच्या सरदारासाठी घसा फोडायचा. लढती बसवलेल्या असतात, हे उघडच आहे. पण त्या आंदालुसियन (मूळच्या स्पेनमधल्या जातीच्या) घोड्यांची चाल! केवळ तेवढ्यासाठी पुन्हा जाईन. खेळातला ससाणा डोक्यावरून गेला तशी आई खालीच वाकली. आणि हो, त्या खेळात आता राजाऐवजी राणीचं राज्य असतं, ते लेखात राहिलंच.