कपॅसिटर म्हणजे लोणचं नव्हे

"जुना मिक्सर घ्या, इंटरफेस फेका" हा मेसेज, सोबतच्या 'फरक ऐका' व्हिडिओसकट, भजनी मंडळांच्या ग्रुपपासून घरगुती स्टुडिओवाल्यांपर्यंत सगळीकडे फिरतोय. (इंटरफेस म्हणजे माइक संगणकाला जोडणारा डबा.) परवा भाच्याने तोच पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, सोळा चॅनेलचा मिळतोय, घेऊ का?" म्हणून हा खटाटोप. मेसेजचं म्हणणं असं: जुन्या मिक्सरच्या प्रत्येक चॅनेलला ट्रान्सफॉर्मर असतो म्हणून आवाज उबदार येतो, त्यांचे प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) आजच्यापेक्षा शांत असतात, गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते ठरवणारं बटण) पूर्ण चढवला की खरा रंग येतो, आणि आतले कपॅसिटर कधी बदलू नका, कारण आवाज त्यांच्यातच 'मुरलेला' असतो.

शेवटच्यापासूनच धरू, कारण पैसे तिथेच बुडतात.

विजेचा भार साठवणारा, आत ओला रस असलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मुरत नाही, वाळतो. क्षमता घटते, गळती वाढते. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या बऱ्याच मिक्सरमध्ये गेनच्या पॉटला (फिरत्या बटणामागच्या रोधाला) जोडून एक मोठा कपॅसिटर असतो. समजा तो ४७० मायक्रोफॅरडचा आहे आणि गेन पूर्ण चढवल्यावर त्या वाटेत २२ ओहम उरतात. मग खर्जाची कड, म्हणजे जिच्याखाली आवाज घटत जातो ती, १५ हर्ट्झच्या आसपास पडते, काही बिघडत नाही. तोच वाळून १०० वर आला की कड थेट ७२ हर्ट्झवर! गेन कमी असताना सगळं ठीक, चढवला की डग्ग्याचा घुमारा गायब. यालाच कोणीतरी 'जुन्या मिक्सरचा स्वच्छ आवाज' म्हणणार.

दुसरी दुखरी जागा फँटमचे (कंडेन्सर माइकला मिक्सरकडून जाणारे) ४८ व्होल्ट अडवणारे इनपुटचे कपॅसिटर, बहुधा ४७ मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचे. स्पीकरचा आवाज खाली ठेवा, फँटम बंद असताना गेन फिरवा, मग चालू करून फिरवा. खरखर फक्त फँटमवर आली तर हेच गळताहेत. दोन्ही वेळा आली तर आधी पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. हम (सततचा घुमणारा आवाज) येत असेल तर सूर ओळखा: ५० हर्ट्झ बहुधा अर्थिंगच्या लूपचा, १०० हर्ट्झची गुरगुर पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरची. नवे टाकताना १०५ अंशांचे घ्या, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि प्लस-मायनस दोनदा बघा.

ट्रान्सफॉर्मरचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. सत्तरच्या दशकातल्या यामाहा पीएम-१०००सारख्या डेस्कना इनपुटला खरोखर ट्रान्सफॉर्मर होते. त्यांचा रंगही खरा, पण तो खर्जात आणि मोठ्या पातळीवर चढतो. हलक्या आवाजात बोलणाऱ्याच्या माइकवर नाही. स्वस्तात 'जुना' म्हणून जे विकलं जातं, उदाहरणार्थ मॅकी सीआर-१६०४, त्यात ट्रान्झिस्टर आणि ऑप-अँप (अँप्लिफायरच्या चिप) असतात, ट्रान्सफॉर्मर नाही. शिवाय त्याच्या १६ चॅनेलपैकी माइक प्रीअँप फक्त ६. बाकीच्या दहांत माइक लावायला जागाच नाही.

शांतपणाचा निकाल १९२८ सालीच लागलाय. बेल लॅब्जमध्ये जॉन्सनने मोजलं आणि नायक्विस्टने गणित मांडलं: नुसता रोधसुद्धा उष्णतेमुळे खसखसतो. १५० ओहमचा माइक, २० किलोहर्ट्झची पट्टी, खोलीचं तापमान धरलं तर हा आवाज सुमारे -१३१ डीबीयू (सिग्नलच्या पातळीचं माप; आकडा जितका खाली, तितकं शांत). याच्या खाली कोणाचाच प्रीअँप जात नाही, जुना नाही की नवा नाही. चांगले दोन्हीकडचे -१२७ ते -१२९ मध्ये असतात. शुअर एसएम५८ या गायनाच्या माइकवर -१२८ ची खसखस म्हणजे ध्वनीच्या मापात साधारण १८ डेसिबल. पंखा चालू असलेल्या खोलीत तुम्ही प्रीअँपची नाही, पंख्याची तुलना करताय.

गेन पूर्ण चढवायचा सल्ला सोडूनच द्या. सिग्नल फार मोठा होऊन ऑप-अँपमध्ये त्याची टोकं कापली गेली की आवाज करकरतो, उबदार होत नाही.

आणि तो 'फरक ऐका' व्हिडिओ? त्यात मिक्सरची पातळी जास्त आहे. जे मोठं तेच कानाला गोड. तुलना करायचीच तर एकच टेक दोन्हींतून घ्या, १ किलोहर्ट्झच्या टोनवर पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवा, आणि मिक्सरचा सिग्नल इन्सर्टच्या (प्रीअँपनंतर सिग्नल बाहेर काढून परत आत घ्यायच्या सॉकेटच्या) सेंडवरून काढा. मेन आउटवरून काढलात तर फेडर, ईक्यू आणि समिंगचा (सगळे चॅनेल एकत्र करण्याचा) कचराही प्रीअँपच्या नावावर जमा होतो.

मिक्सर बघायला जाताना खिशात एक जॅक असू द्या. चॅनेल फाटका किंवा तुटक वाजला तर इन्सर्टमध्ये तो दहा वेळा आत-बाहेर करा. आवाज परत आला तर तिथल्या स्विचचा संपर्क काळा पडलाय, प्रीअँप ठीक आहे. किंमत मात्र हे करायच्या आधी ठरवून घ्या.