रेषा दिसली नाही म्हणून तंतू मेला असं होत नाही

आत्याच्या डोक्यातल्या गाठीचं ऑपरेशन ठरलं, आणि त्याच आठवड्यात एक फॉरवर्ड फिरत फिरत तिच्या फोनवर आला. वाचून म्हणाली, "मग आता कापाकापी कशाला?" मेसेज थोडक्यात असा: डीटीआय नावाचा रंगीत एमआरआय गाठीने मेंदूतले कुठले तंतू मारले ते अचूक दाखवतो; जिथे रेषा नाही तिथे तंतू संपले, ऑपरेशन व्यर्थ. बायोप्सीची गरज नाही. व्हाइट मॅटरमधला, म्हणजे मेंदूतल्या तंतूंच्या भागातला, प्रत्येक पांढरा ठिपका म्हणजे गाठीची सुरुवात. म्हणून धडधाकट माणसानेही दरवर्षी हा स्कॅन करावा, यात क्ष-किरण नसतातच.

आधी ऑपरेशनचा मुद्दा घेते, कारण खरा घात तोच करतो. डीटीआय तंतूंचा फोटो काढतच नाही. तो मोजतो पाण्याचं सरकणं. तंतूंच्या जुडीत पाणी लांबीच्या दिशेने सहज जातं, आडवं जाताना अडतं. या फरकाला ० ते १ मधला एक आकडा देतात, त्याला एफए म्हणतात. मग कॉम्प्युटर दिशेला दिशा जोडत नकाशावर रेषा ओढतो आणि एफए साधारण ०.२च्या खाली गेला की थांबतो. गाठीभोवती सूज असली की पेशींच्या बाहेर पाणी साचतं, ते चहूकडे पसरतं आणि एफए पडतो. तंतू जागेवर असतो, कामही करत असतो. नकाशातली रेषा तेवढी तुटते. आत्याची गाठ उजव्या बाजूला आहे आणि नकाशात तिथे मोठी पोकळी दिसते. मेंदूची उजवी बाजू डावा हात चालवते, आणि त्याच डाव्या हाताने ती आजही ब्लाउजचे हुक लावते. ते तंतू संपले असते तर हे जमलं असतं का? सूज उतरल्यावर अशा रेषा पुन्हा दिसू लागल्याची उदाहरणं आहेत.

उलटी चूकही होते. २०१७ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये एक मोठी चाचणी छापून आली. खरं उत्तर आधीच माहीत असलेला कृत्रिम डेटा २० संशोधन गटांना दिला होता. त्यांच्याकडून ९६ नकाशे आले. बहुतेकांत खऱ्या जुड्यांपैकी ९० टक्के सापडल्या, पण नसलेल्या जुड्या असलेल्यांपेक्षा जास्त निघाल्या! तज्ज्ञांची ही गत, आणि मेसेजवाले 'अचूक' म्हणतात. म्हणूनच महत्त्वाच्या भागाजवळ सर्जन नकाशावर विसंबत नाहीत. ऑपरेशन चालू असताना सौम्य विद्युतप्रवाह देऊन तंतू काम करतो का ते तपासतात.

एक गोष्ट मान्य करावी लागेल: डीटीआय उपयोगी आहे. शांघायच्या डॉक्टरांनी २००७ साली २३८ रुग्णांवरचा अभ्यास मांडला. हालचालीच्या तंतूंजवळच्या गाठी काढताना डीटीआयचा नकाशा वापरला, तेव्हा हातापायांची ताकद १५.३ टक्के रुग्णांत घटली. न वापरता ३२.८ टक्क्यांत. पण हा फायदा ऑपरेशन नीट करण्याचा आहे, ते टाळण्याचा नाही. सर्जनना विचारायचंच असेल तर हे विचारा: गाठीने तंतू बाजूला ढकललेत की ती त्यांच्यात घुसली आहे? सूज किती आहे? ऑपरेशनमध्ये खात्री कशी करणार?

बायोप्सीचं म्हणाल, तर सूज असो की गाठीच्या पेशींची घुसखोरी, एफए दोन्हींत पडतो. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात ग्लिओमा या मेंदूतल्या गाठीचा प्रकार ठरवायला आयडीएच जनुकातला बदल पाहावा लागतो. त्यासाठी गाठीचा तुकडाच लागतो.

पांढरे ठिपके वयाने येतात, रक्तदाबाने येतात, मायग्रेनवाल्यांतही दिसतात. बहुतेकांचा गाठीशी काही संबंध नसतो. या स्कॅनमध्ये क्ष-किरण नसतात, हे मेसेजमधलं वाक्य खरं आहे. पण तेवढ्यावर धडधाकट माणसाने दरवर्षी मशीनमध्ये झोपायचं, निरुपद्रवी ठिपका सापडला की घाबरायचं आणि पुढच्या तपासण्यांच्या मागे लागायचं, याला काहीही आधार नाही.