इन कॅमेरा दाजी

कोल्हापुरात कुणी "जरा खासगीत बोलायचंय" म्हटलं की दोनच कारणं असतात, एकतर पोराचं कुठंतरी जुळलंय नायतर पतसंस्थेला जामीन पायजे. दाजींचा फोन आला आणि त्यांची पोरं अजून प्राथमिक शाळेत हायती, म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला.

रंकाळ्यावर जाऊया म्हणाले. पण दाजींचा आवाज असा की ते इकडं कुजबुजले तर शालिनी पॅलेसला ऐकू जावं. वाटेत गंगावेशीत म्हणाले, आधी दूध पिऊ. म्हैस समोर उभी, धार काढून फेसाळता पेला थेट हातात, आणि कट्ट्यावर निम्मी पेठ हजर. "काय दाजी-मेव्हणे, कसली खलबतं चाललीत?" रायगडावर खलबतखाना जमिनीखाली बांधलाय तो उगंच न्हाई, हितं बांधला असता तर पेला घेऊन चौघंजण आत येऊन बसले असते.

त्यात एक वकील निघाले. म्हणाले, घरातली मॅटर इन कॅमेरा घ्यायची असतात. झालं, दाजींनी मोबाईल काढला, पेल्याला टेकवून उभा केला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि मला म्हणाले, "जरा उजेडात सरक." वकिलांनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी सांगितलं की हा कॅमेरा लॅटिनमधला, म्हणजे खोली, तिथं शूटिंग तर सोडाच, बाहेरच्या माणसालाच बंदी. फॅमिली कोर्टाच्या १९८४ च्या कायद्यात कलम ११ च आहे, दोन्हीपैकी एका पार्टीनं जरी मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावीच लागते. मी लगेच म्हटलं, मग माझी मागणी लिहून घ्या की! पण तोवर दाजी मोबाईलकडं बघत खणखणीत आवाजात बोलून मोकळे, "पाच लाखाचं कर्ज काढतोय, जामीन राहतोस न्हवं?"

कट्टा गप्प. म्हशीखाली बसलेल्या मामांनी धार न थांबवता विचारलं, "दुसरा जामीन कोण?"

त्यासरशी सगळ्यांना कामं आठवली, वकिलांना तर रात्री नऊ वाजता तारीख आठवली. मी आपलं "बघू की" म्हणालो, जे आपल्याकडं न्हाई म्हणायची सभ्य पद्धत आहे. पण ताईनं तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकलाय, खाली लिवलंय "दादा हो म्हणाला", आणि आत्तापर्यंत सतरा जणांनी अंगठा दिलाय.